बारा म्हटलं की बास

"लाभ."

सोनमचे वडील मार्केट यार्डात मापाडी. त्यामुळं तिची मोजणी एकापासून नाही, लाभापासून सुरू होते. जिममध्ये खांद्यावर वजनाचा दांडा घेतलेली संयोगिता खाली बसली, उठली.

"दोन."

शरीरसौष्ठवाच्या जिल्हा स्पर्धेला जिममधल्या कुणाची नावं पाठवायची ते विजयसिंह सर आज ठरवणार होते. गेल्या वर्षी संयोगिता मंचावर उभी राहिली तेव्हा पहिल्या रांगेतनं कुणीतरी ओरडलं होतं, "वरनं वाघीण, खालनं बगळा!" अख्खं सभागृह हसलं. तेव्हापासून तिला एकच पाहिजे होतं: मांड्या.

"तीन. चार."

सर म्हणाले, स्नायू वाढवायचे तर आठ ते बारा. तालमीत वाढलेले तिचे वडील म्हणाले, "पाचशे बैठका मार, दुसरं काय न्हाय." मारल्या. गुडघे सुजले, मांड्या नाही. मोबाईल म्हणाला, जड वजन, पाचच वेळा. कंबर धरली. परत बारा. तांबड्या रश्श्यावर पाणी सोडलं, उकडलेल्या अंड्यांचा वास स्वप्नात येऊ लागला, पण मांडीवरची टेप जागची हलली तर शपथ.

"पाच. सहा."

या जिमचा एक रिवाज. बारावा आकडा आला की सगळ्यांनी मिळून ओरडायचं, "बास!" आणि जोडीदारानं दांडा रॅकवर ठेवायचा. संयोगिताला तो ओरडा आवडायचा. काम झाल्यासारखं वाटायचं.

"सात. आठ..."

सोनमचा फोन वाजला.

"व्हय आई. जिममध्ये हाय. गॅस? अगं, बटण डावीकडं फिरव की!"

खाली. वर.

"सोने, मोज की!"

"आलो, आलो. डावीकडं आई, डावीकडं!"

खाली.

वर.

बारा कधीच झाले असणार. पण बास कुठं आलं? बास आल्याशिवाय दांडा ठेवायचा कसा?

खाली.

मांड्यांत जाळ. असला जाळ आजवर कधी

वर

भेटलाच

खाली

नव्हता.

उठता आलं नाही. दांडा रॅकच्या आडव्या पट्ट्यांवर धाडकन आदळला. संयोगिता फरशीवर.

"एकवीस," आरशापाशी दम खात बसलेला केरबा म्हणाला. "मी मोजत होतो. वजन रोजचंच हाय न्हवं? म्हंजे रोज नऊ शिल्लक ठेवून घरला जात होतीस की."

कुणीतरी फिस्सकन हसलं.

संयोगिताला हसू आलं नाही. आठ, बारा, वीस... कुठलाही आकडा चालला असता. पाय संपायला पाहिजे होते. वर्षभर संपत होता तो आकडा.

विजयसिंह सर जवळ आले. तिच्या मांड्यांकडं बघून त्यांनी मान हलवली. "यंदा नाव न्हाय पाठवत. पुढल्या वर्षी बघू."

"सर, बास म्हणून तुम्हीच वरडत होता की!"

"मी सगळ्यांनाच वरडतो."

तिनं भिंतीला धरून उठायचा प्रयत्न केला. पाय लटपटले, ती परत बसली. डोळ्यांत आलेलं पाणी घामात खपून गेलं.

सोनम फोन खिशात टाकत आली. "काय झालं गं?"

"जरा दम खाऊ दे. मग परत लाव दांडा."

"येडी काय? आज बास की."

"सोने," संयोगिता म्हणाली, "तेवढा शब्द परत काढू नको."