गोल केला की बाकावर

मी बाक बोलतोय. मैदानाच्या कडेला, फक्कीच्या रेघेपासून दोन पावलांवर पडलेला लाकडी बाक. माझ्यावर तुम्ही ओले टॉवेल टाकता, बुटांचा चिखल खरवडता, नाहीतर पेनाच्या टोकाने आपलं नाव कोरता, तोच मी. इतकी वर्षं मी तोंड उघडलं नाही. बसणाऱ्याचं वजन पेलायचं आणि गप्प राहायचं, एवढंच आम्हाला शिकवलेलं असतं. पण आता डोक्यावरून पाणी गेलंय. मला राग आलाय, आणि राग गिळायला मला घसा नाही.

माझा जन्म शाळेच्या जुन्या दारांतून झाला. बिजागऱ्यांची भोकं अजून माझ्या पाठीवर आहेत. एका सुताराची लेक इथे खेळायची, तिच्या हौसेपायी त्याने एका सुट्टीत मला ठोकून उभं केलं. घाईत एक पाय बोटभर आखूड राहिला. त्याखाली टायरचा तुकडा सरकवला. शेजारीच टायर दुरुस्तीचा कारखाना, त्यामुळे तुकड्यांना काय तोटा! तो निसटतो आणि मी डुगडुगतो, मग पोरं मुद्दाम झोके घेतात.

आमचा क्लब म्हणजे हे मैदान, पत्र्याची एक खोली, नऊ चेंडू आणि पानाकाका. काका बस डेपोत मेकॅनिक आहेत. मागच्या खिशात कायम पाना, म्हणून पोरांनी ठेवलेलं हे नाव. डेपोतून सुटले की तसेच काळ्या हातांनी मैदानावर. त्यांचा एक नियम होता आणि त्या नियमाचा मालक मी होतो. गोल केला की बाकावर! ज्याने गोल केला त्याने बाहेर येऊन दहा मिनिटं माझ्यावर बसायचं आणि बसलेल्यांपैकी एकाने आत जायचं.

बाहेरचे लोक हसायचे. "अहो, हुकमी एक्का बाहेर बसवता?"

काका म्हणायचे, "एक्क्याला बाकीचे पत्ते कळायला हवेत ना!"

त्यामुळे माझ्यावर शिक्षा झालेलं कुणी कधी बसलंच नाही. बसायचे ते घामाघूम, गालात हसणारे. माझ्यासारखं भाग्य दुसऱ्या कुठल्या बाकाचं असेल असं मला वाटत नाही.

सगळ्यांत जास्त बसला तो डावऱ्या. सहा वर्षांचा असताना आला तेव्हा त्याला बुटाची नाडी बांधता येत नव्हती. डाव्या पायाने मारायचा, म्हणून डावऱ्या. बाप सिमेंटचा ट्रक चालवायचा आणि शर्टावर पांढरी धूळ घेऊनच मॅच बघायला यायचा. काकांनी सहा वर्षं त्या पोराला घडवलं. उजवा पाय वापरावा म्हणून डाव्या बुटाला लाल फडकं बांधायचे आणि म्हणायचे, "आज याला सुट्टी."

डावऱ्या बारा वर्षांचा झाला आणि एका मॅचला तो माणूस आला. मोठ्या क्लबचा माणूस. मातीच्या मैदानावर पांढरेशुभ्र बूट घालून आला, म्हणून मी त्याला पांढरे बूटच म्हणतो. डावऱ्याने चौथ्याच मिनिटाला गोल केला आणि नियमाप्रमाणे माझ्यावर येऊन बसला.

आणि काकांनी काय करावं? हात दाखवून अवलक्षण! पाहुणा उभा आहे म्हणून आपल्या फडक्याने मला पुसलं आणि म्हणाले, "उभे का साहेब? बसा की बाकावर."

तो डावऱ्याला खेटूनच बसला. दहा मिनिटं त्याला आयती मिळाली.

"तिकडे हिरवळीवर खेळायचं," तो म्हणाला. "प्रत्येकाला स्वतःचं कपाट, वेगळा डॉक्टर, शाळासुद्धा आमचीच. इथे गोल केला की बाहेर बसवतात तुला. तिकडे गोल केला की भिंतीवर फोटो लागतो."

काकांनी आत बोलावलं तेव्हा डावऱ्या पहिल्यांदाच उशिरा उठला.

पुढच्या आठवड्यात बापाने कागदावर सही केली, तीही माझ्याच फळीवर. पेन इतकं दाबून धरलं होतं की सहीचे वळसे माझ्यावर उमटले. ते अजून आहेत. काका पांढऱ्या बुटांना सांगत होते, "त्याच्यावर ओरडू नका. ओरडलं की तो आक्रसतो. चूक झाली तर जवळ जाऊन सांगा." तो "हो, हो" म्हणाला आणि मोबाईल बघत राहिला.

डावऱ्यामागोमाग आणखी तिघांना नेलं. नांगरायचं, पेरायचं आमच्या काकांनी आणि कापणीला हे हजर. आयत्या बिळावर नागोबा! आमची टीम मोडली. सुट्टीच्या दिवशी सातच पोरं जमायची आणि काका स्वतः गोलात उभे राहायचे. मला सांगा, एवढी पोरं गोळा करून हे करतात काय? तिकडे त्यांनी म्हणे एका वयाची साठ पोरं ठेवली होती. साठांतला एक मोठा होतो, त्याचा फोटो लागतो. उरलेल्या एकोणसाठांना कोणत्या भिंतीवर लावतात?

अडीच वर्षांनी डावऱ्याच्या बापाच्या मोबाईलवर चार ओळी आल्या. उंची अपेक्षेइतकी वाढली नाही, पुढील वाटचालीस शुभेच्छा. क्लबची बॅग आणि जॅकेट परत करावे. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात. इथे तर वैद्याच्या अंगावरचा कोटही काढून घेतला!

डावऱ्या परत आला तेव्हा त्याचे कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत होते. रोज यायचा, माझ्या टोकाला बसायचा, पण बूट घालायचा नाही. काकांनी कधी "खेळ" म्हटलं नाही. शेजारी बसायचे, बोटांची काजळी खरवडायचे आणि डेपोतल्या गमती सांगायचे. एकदा मात्र हळूच म्हणाले, "माझंच चुकलं रे. मीच बसवलं त्याला तुझ्याशेजारी." असे आठ महिने गेले.

मागच्या महिन्यात पांढरे बूट पुन्हा आले. या वेळी भिंगरीसाठी. भिंगरी अकरा वर्षांची आहे, पायात चेंडू आला की गरकन फिरते. तिची आई कपड्यांना इस्त्री करते. तो आईच्या शेजारी बसला, तिच्या हातात जाड गुळगुळीत कार्ड दिलं आणि हिरवळ, कपाट, डॉक्टर सुरू केलं. शब्दही तेच! पलीकडच्या टोकाला डावऱ्या बसला होता.

एवढ्यात भिंगरीने गोल केला आणि धावत बाकाकडे आली. पांढरे बूट सरकून तिला जागा करायला लागले. डावऱ्या उठला आणि मधे येऊन बसला.

"तू पण इथलाच का रे?" त्याने विचारलं. "खेळतोस?"

"तुम्हीच नेलं होतंत मला."

त्याने डावऱ्याकडे नीट पाहिलं, डोकं खाजवलं. "असं का? कोणत्या वर्षी?"

कोणत्या वर्षी! माझ्या अंगावर बापाची सही आहे, आणि हा वर्ष विचारतोय!

भिंगरीच्या आईने हातातल्या कार्डाकडे पाहिलं. "याचं नाव तरी आठवतं का हो?"

"ताई, दरवर्षी शेकड्यांनी पोरं बघतो आम्ही."

"मग तेवढ्यातच भागवा. माझी इथेच बरी आहे." तिने कार्ड माझ्यावर ठेवलं आणि लेकीला आपल्या बाजूला ओढून घेतलं.

काका रेघेवर उभे होते. भिंगरी बाहेर आली, म्हणजे कुणीतरी आत जायला हवं. बाकावर खेळणारा एकच उरला होता. काकांनी नुसतं डावऱ्याकडे पाहिलं. डावऱ्याने भिंगरीचे बूट मागितले, ते बोटभर लहान निघाले. मग तो अनवाणीच आत गेला.

पांढरे बूट मॅच संपायच्या आधी निघून गेले. कार्ड राहिलं. काकांनी त्याच्या चार घड्या घातल्या आणि टायरच्या तुकड्यावर, माझ्या आखूड पायाखाली सरकवलं. आता मी डुगडुगत नाही.

पण माझा राग गेलेला नाही. डावऱ्या आता रोज खेळतो, छान खेळतो. फक्त गोल करत नाही. समोर जाळं मोकळं असतं, सगळे "मार, मार" ओरडतात आणि तो चेंडू दुसऱ्याला देऊन टाकतो. लोकांना वाटतं, किती दिलदार पोरगा! मला खरं माहीत आहे. गोल केला की माझ्यावर येऊन बसावं लागतं, आणि त्या दहा मिनिटांत काय झालं होतं ते तो विसरलेला नाही.

बाळा, मी काही केलं नव्हतं रे. त्याला उठवायला मला हात नव्हते. एकदा मार तो गोल, आणि ये. तुझ्याशेजारी आता पानाकाका बसतील.