पुढच्या चाकातली हवा

मित्रांनो, मी एक जुनं चाक आहे. डोंगरात पळणाऱ्या सायकलचं, आणि त्यातही पुढचं. हे 'पुढचं' मी छाती काढून सांगतो. मागच्या चाकाला साखळी ओढते, त्याने नुसतं मागून यायचं असतं. खड्डा असो, खडक असो, झाडाचं मूळ असो, पहिली टक्कर माझी. बसलेल्या माणसाची भीती हातांतून हँडलमध्ये उतरते आणि हँडलमधून थेट माझ्यात. माणसांची भीती माझ्याइतकी जवळून कुणी पाहिली असेल असं मला वाटत नाही. चाक असून एवढं बोलतं, असं म्हणाल तर म्हणा. आयुष्यभर तोंड दाबून फिरलो. आता बोलणार.

माझा जन्म एका अरुंद कार्यशाळेत झाला. चाकं बांधणाऱ्या बाई माझी एकेक तार ताणायच्या, नखाने छेडायच्या आणि कान लावून ऐकायच्या. सगळ्या तारा एका सुरात बोलू लागल्या तेव्हा त्यांनी मला दोन बोटांनी फिरवलं. काय सांगू तुम्हाला! खिडकी, दिवा, त्या बाईंचा चष्मा, सगळं माझ्याभोवती गरगरत होतं आणि मध्यभागी मी मात्र शांत होतो. जग एवढं सुंदर फिरतं हे मला त्या दिवशी कळलं.

मग मी वहिनीकडे आलो. वहिनी पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवते. तिची सायकलची टोळी आहे चौघांची. एक तिचा दीर, त्याची बेकरी आहे म्हणून त्याला सगळे भट्टी म्हणतात. त्याचे दोन शाळासोबती, एक क्रेन चालवतो आणि दुसरी इस्पितळात नर्स आहे, तिला सगळे सिस्टर म्हणतात. दीर वहिनी म्हणतो, म्हणून बाकीचेही वहिनी म्हणू लागले. हे लोक सुट्टीच्या दिवशी डोंगरातल्या शर्यतीत उतरतात. हौशी मंडळी, अंगावर एकसारखे शर्टसुद्धा नाहीत. पण शर्यतीचा नियम मोठा कडक आहे. चौघांनी एकत्र सुटायचं आणि शेवटचा गडी रेषेवर पोचला की टोळी पोचली. वेळ संपून रेषेवरचा दोर काढायच्या आत चौघेही आले नाहीत, तर टोळी मोजलीच जात नाही. म्हणजे सगळ्यात मागे असेल त्याच्याच खांद्यावर सगळा भार. आणि मागे कायम वहिनी.

त्या वाटेवर एक दगडी उतार आहे. उंच-सखल दगड, वाकडी वळणं, बाजूला झुडपं. सगळे त्याला जिना म्हणतात. मी पहिल्यांदा त्याच्या माथ्यावर आलो तेव्हा माझ्या तारा थरथरल्या. खाली दरी नव्हती, नुसते दगड होते, पण एवढे दगड, एवढं मोकळं आभाळ आणि मध्ये आम्ही दोघं! त्या पहिल्या वेळी वहिनीने अर्ध्यात ब्रेक आवळला. मी जागच्या जागी थिजलो आणि ती माझ्यावरून पुढे गेली. मनगट मोडलं.

त्यानंतर मला गॅलरीत उभं केलं. आता राग येईल असं सांगतो, कारण मला आजही येतो. माझ्या तारांवर मोजे वाळत घातले, मित्रांनो! ज्याने डोंगराशी टक्कर घेतली त्याच्यावर ओले मोजे! टायर बसला, आसाला गंज धरला. आणि घरात जो येईल तो वहिनीला शहाणपण शिकवायचा. तिचा नवरा, ज्याला भट्टी दादा म्हणतो, मशीनशेजारी चहाचा कप ठेवत म्हणाला, "झाली ना हौस? आता गुपचूप पडदे शिव." शेजारीण म्हणाली, "या वयात कशाला गं?" मला गॅलरीतून सगळं ऐकू येत होतं. यांच्यातल्या एकानेही कधी साधा पायवाटेचा चढ चढला नव्हता.

मनगट बरं झालं आणि पुढच्या शर्यतीचा दिवस ठरला, तेव्हा वहिनीने टोळीला घरी बोलावलं. मोजे काढून फेकले आणि म्हणाली, "या खेपेला जिना बसून उतरले नाही, तर ही सायकल विकून टाकणार. मला तिच्याकडे बघवत नाही."

"अगं, उतरून चालत जा ना तेवढं," भट्टी म्हणाला. "आम्ही थांबतो."

"चालत जायला मी सायकल घेतली नव्हती."



मग ती तयारीला लागली. आसाला वंगण, नवा टायर. भट्टीच्या बेकरीमागे विटा मांडून ती सायकलवर बसून त्या ओलांडायची, मग खाली उतरून अंगठ्याने टायर दाबायची. हवा जास्त झाली की मी दगडावरून चेंडूसारखा उडतो. कमी झाली की दगडाला घट्ट धरतो, पण फार कमी झाली तर लोळतो आणि रिम दगडावर आपटते. रोज थोडी भरून, थोडी सोडून अखेर एक दिवस ती अंगठा दाबून म्हणाली, "बस. एवढीच." त्या आवाजात मला चाकं बांधणाऱ्या बाई आठवल्या.

शर्यतीच्या सकाळी वाट ओली होती. सायकली कुंपणाला टेकवून वहिनी नंबर आणायला गेली. क्रेनवाला माझ्याजवळ आला, इकडेतिकडे पाहिलं आणि व्हॉल्व्ह दाबला. फुस्स. "ओल आहे, जरा पकड येईल," असं पुटपुटून तो गेला. मग सिस्टर आली. फुस्स. मग भट्टी, शीळ घालत, जणू काही बूट बांधायला वाकलाय. फुस्स. तिघांनाही वाटलं आपण एकट्यानेच हे केलं. तिघांचीही माया खरी होती, याबद्दल माझी खात्री आहे. पण मी ओरडत होतो, मित्रांनो! पुरे, पुरे! चाकाचं कोण ऐकतो?

वहिनी आली, अंगठा लावणार तेवढ्यात शिट्टी झाली आणि आम्ही सुटलो.

चढावर काही कळलं नाही. जंगल धुक्यात होतं, चौघांचा श्वास एका लयीत चालला होता आणि त्या लयीत मीही होतो. मग जिना आला. बाकीचे तिघे आधी जिना उतरून खाली थांबले. वहिनी माथ्यावर क्षणभर थबकली. तिच्या हातांतून भीती आली, ओळखीची, तीच. आणि मग मी कधी अनुभवलं नव्हतं ते झालं. तिने बोटं ब्रेकवरून सैल केली. भीती तशीच होती, एक कणही कमी झाली नव्हती. ती घेऊनच बाई निघाली!

पहिल्या दगडावर मी लोळलो. "हे काय, चाक कुठे चाललंय?" ती ओरडली. दुसऱ्या वळणाला टायर बाजूला सरकला, तिने अंग विरुद्ध बाजूला टाकून मला परत ओढून आणलं. माझ्यात दम नव्हता, तो तिच्या खांद्यांतून येत होता. शेवटच्या पायरीवर रिम दगडावर आपटली, कडकन आवाज झाला, उरलेली हवा गेली. मी चपटा झालो होतो आणि ती तरीही बसलेली होती. तशीच खडखडत ती गवतात आली आणि थांबली. पाय टेकले. पडली नाही.

तिघे नाचत आले. मग भट्टीने माझ्याकडे पाहिलं. "एवढी कशी गेली हवा?"

क्रेनवाला मान खाली घालून म्हणाला, "मी सकाळी थोडी सोडली होती. ओल होती म्हणून."

"तू पण?" सिस्टर म्हणाली.

"'पण' म्हणजे?" वहिनीने विचारलं.

सगळं बाहेर आलं. "एवढीशीच सोडली गं," सिस्टर म्हणाली. "मीही एवढीशीच," भट्टी म्हणाला.

"तिघांच्या एवढ्याशाने माझं दुसरं मनगट गेलं असतं. मला विचारलं का नाही?"

"घाबरली असतीस, वहिनी," भट्टी म्हणाला.

"घाबरलेलीच होते मी! वर्षभर घाबरलेली आहे! तुम्ही त्यात आणखी काय भर घालणार होतात? त्या डोंगरावर एकच गोष्ट माझ्या हातात होती, ती हवा. तीही तुम्ही काढून घेतलीत."

क्रेनवाल्याने मला काढलं आणि दगडावर आपटून रिमला आलेला बाक जमेल तेवढा सरळ केला. दुखलं, पण हूं की चूं केलं नाही. नवी ट्यूब घातल्यावर पंप वहिनीने मागितला. हवा भरून ती म्हणाली, "आता दाबून बघा. जे वाटतं ते तोंडाने बोला."

"जरा जास्त वाटते," क्रेनवाला हळूच म्हणाला.

"मला नाही वाटत," ती म्हणाली आणि टोपण लावलं.

रेषेवर पोचलो तेव्हा दोर गुंडाळून झाला होता. टेबल उचलणारा माणूस म्हणाला, "तुमची टोळी नाही धरता येणार हो." भट्टी वाद घालू लागला, तर वहिनी म्हणाली, "नका धरू. मला परत जिन्यावर जायचंय. लोळणाऱ्या चाकाने उतरले, आता नीट चाकाने उतरून बघायचंय."

चौघेही वाट तुडवत परत निघाले. जिन्याच्या पायथ्याशी क्रेनवाला थांबला. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हे आता भरवशाचं नाही. वहिनी, माझं पुढचं चाक लावता का?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. "लावते," ती म्हणाली.

मला गवतात आडवं ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी जिना बाहेरून पाहिला. पहिली टक्कर माझी नव्हती, म्हणून मला सगळं दिसलं. ती वरून निघाली तेव्हा उन्हात ठिपक्याएवढी होती. मग मोठी होत गेली. दगडामागून दगड, गुडघे वाकलेले, नजर पुढे, तोंडाने मोठमोठ्याने स्वतःलाच काहीतरी सांगत. एवढे दिवस ती माझ्यावर बसून हे करत होती आणि मला वाटत होतं, डोंगराला मी तोंड देतोय! ती माझ्या शेजारून वाऱ्यासारखी गेली. गवत हललं. मी चाक आहे, मला डोळे नाहीत, तरी ते भरून आले असं म्हणायला मी लाजत नाही.

मित्रांनो, चाकांना वंगण घाला, आम्हाला गॅलरीत सडवू नका, आमच्यावर मोजे तर मुळीच वाळत घालू नका. पण त्याहून मोठं मागणं आहे. तुमच्याजवळचं कोणी भीतभीत उताराच्या माथ्यावर उभं असेल, तर त्याच्या पाठीमागे गुपचूप त्याची हवा काढू नका. माया असली तरी नका काढू. जवळ जा आणि विचारा. 'नको' म्हणालं तर बाजूला व्हा आणि बघत राहा. असं काही बघायला मिळेल की बोलायला शब्द सुचणार नाहीत.