राजकन्येची वरात

चीनमधल्या सूचौजवळच्या कालव्याकाठची ती रंगाऱ्यांची गल्ली पुन्हा जुनी करायचं ठरलं, तेव्हा आधी तिथल्या म्हाताऱ्या माणसांना नव्या इमारतींत नेऊन ठेवलं. मग भिंतींना चुना लागला, लाल कंदील लटकले, रेशीम रंगवायच्या खोल्यांत कॉफी आली. राहता राहिलं पोथीघर. थांग रोंगशंगची उभी हयात तिथे पोथ्या गाण्यात गेली होती. आज उद्घाटनाला पोथी रंगली तर दर पौर्णिमेला पोथी. नाही रंगली तर तिथेही कॉफी.

पण पोथी काही एकट्याची नसते. ओळ संपली की समोरच्या बायकांनी 'नमो अमिताभ' म्हणत ती वर उचलायची. नाहीतर ती बुद्धापर्यंत पोचत नाही. आणि गल्लीचं काम बघणाऱ्या कार्यालयातल्या लू ईचनने नेमक्या त्या बायकांनाच बोलावलं नव्हतं.

"सुरात नसतात हो त्या, आजोबा. वर कलिंगडाच्या बिया फोडत बसतात," असं म्हणून तिने संगीतशाळेतल्या मुलींचा आवाज यंत्रात भरून आणला होता; गाणाऱ्याचा आवाज थांबला की यंत्र आपोआप म्हणणार. थांग त्यावर गप्प बसला. ते बायकांच्या म्होरक्या श्वेकाकूंच्या कानावर गेलं आणि त्यांनी पोथीघराचा उंबरा ओलांडणार नाही अशी शपथ घेतली. आता त्या सगळ्याजणींना घेऊन दारासमोरच्या पुलावर बसल्या होत्या. बिया फोडत. उंबरा कुठे ओलांडला होता?

थांगने पुढ्यातल्या बुटक्या मेजावरचा लाकडी मासा ठोकत, ताल धरत सुरुवात केली. पोथीतल्या राजकन्येला लग्न नको, तिला बुद्धाच्या पायाशी जायचंय. दोन ओळी बऱ्या गेल्या. मग सवयीप्रमाणे त्याने थांबून पाहुण्यांना सांगितलं, "मांडी घालून बसलं की गुडघे फार दुखतात हो."

"नमो अमिताभ," यंत्र म्हणालं.

पाहुणे खो खो हसले. ईचनचा चेहरा कंदिलासारखा लाल झाला.

"बंद कर ते, पोरी," थांग हळूच म्हणाला.

पुढची ओळ त्याने गायली. उत्तर आलं नाही. पाहुण्यांनी नुसते मोबाइल उंचावले. ओळ तुळईखाली लोंबकळत राहिली. त्याने दारातून पुलाकडे पाहिलं, घसा साफ केला आणि मोठ्याने गायलं, "राजकन्या लाजली, नटूनथटून पालखीत बसली, वाजतगाजत सासरी गेली…"

बिया फोडायचा आवाज थांबला.

"कुणाचं लग्न लावतोयस रे म्हाताऱ्या?" श्वेकाकू पुलावरून कडाडल्या. "ती संन्यासिनी झाली. जन्मभर गातोस ना?"

"विसरलो बाई. सांभाळून घेणारं कुणी आत नाही."

"ती पोर आम्हाला बेसूर म्हणाली तेव्हा तोंडात काय घुगऱ्या धरल्या होत्यास?"

"धरल्या होत्या," थांग म्हणाला. "चुकलो."

काकूंनी मुठीतल्या बिया खिशात टाकल्या. पण शपथ ती शपथ. तेव्हा थांगच उठला, मेज ओढत दाराबाहेर आला आणि राजकन्येला पालखीतून खाली उतरवून ओळ पुन्हा गायला. पुलावरून 'नमो अमिताभ' आलं: जाडं, भरडं, एकीचा सूर दुसरीच्या गावी नाही असं. थांगला वाटलं, आता पोचली. पाहुणेही उठून बाहेर आले, आणि तिसऱ्या ओळीला ईचनचे ओठ हलले.

"ही पोरगी फार सुरात गाते," श्वेकाकू शेजारणीला म्हणाल्या. "बसेल हळूहळू आमच्यात."

पोथी संपल्यावर ईचन खाली मान घालून पुलाशी आली. "काकू, पौर्णिमेला खुर्च्या कुठे मांडू?"

"इथेच मांड. आणि टरफलांना एक टोपली ठेव."