दीड स्टॉप गोरी

ऐका, आणि मधे बोलू नका, नाहीतर माझं अर्धं राहून जाईल. बाँग कुन्थियाच्या लग्नाला तुम्ही सगळे संध्याकाळी आलात, जेवलात, नाचलात आणि घरी गेलात. सकाळचं तुमच्यातल्या कुणीच बघितलं नाही. मी बघितलं, कारण कॅमेरा माझ्या गळ्यात होता.

सुरुवात आमच्या स्टुडिओतच झाली. नवरी खुर्चीवर बसली की मालक, बाँग बोरेय, आम्हा सगळ्यांचा दादा, लांबूनच सांगतो, दीड स्टॉप. कॅमेरा जेवढा उजेड पुरे म्हणतो त्याच्यावर दीड स्टॉप जास्त घ्यायचा, की चेहरा दुधासारखा येतो. मग कॉम्प्युटरवर कातडी गुळगुळीत, नाक बारीक, हनुवटी टोकदार, डोळे मोठे. आणि मागे तो कमळांचा तलाव आणि पांढऱ्या पायऱ्या. तसला तलाव अख्ख्या बट्टंबांग शहरात नाही, पण निम्म्या बट्टंबांगने त्या पायऱ्यांवर उभं राहून फोटो काढलाय. यात वाईट काही नाही. लोक मागतात, आम्ही देतो.

तर आपली ताई, बाँग कुन्थिया. टोन्ले साप सरोवरावरच्या तरंगत्या गावातली पोरगी. आईबाप लहानपणीच गेले, आजीने वाढवलं, येय सावोनने. पाण्यावरचं ऊन वरून एकदा लागतं आणि पाण्यातून उलटून पुन्हा एकदा, त्यामुळे त्या गावातले सगळे असतात तसा तिचा रंग, पक्का. नाक रुंद. इथे बाजारात शिवणकाम करायला आली आणि मिंग फाल्लीच्या मुलाला, राथाला, आवडली. मिंग फाल्ली म्हणजे ती कापड-दुकानवाली मावशी, जिच्याशी भाव करायला गेलेला माणूस जास्तच कापड घेऊन येतो. लग्न खरं म्हणजे मुलीच्या घरी व्हायला हवं, पण मुलीचं घर पाण्यावर, तिथे मंडप कुठे टाकणार? म्हणून राथाच्या दारातच, भर रस्त्यावर मंडप ठरला.

फोटो मी काढले. एडिटला बसले तेव्हा कुन्थिया शेजारी स्टूल ओढून बघत बसली. मी नाकाकडे वळले तशी तिने माझा हात धरला.

"ऊन, धाकटी बहीण ना तू माझी, एक ऐकशील? फाटकावरचा मोठा फोटो तरी माझ्यासारखा ठेव. येय एकटी येणार आहे. तिला वाचता येत नाही. मी तिला सांगितलंय, माझा फोटो दिसेल तिथे उतर."

मी विचारलं की आदल्या दिवशीच का नाही आणत. तर म्हणे प्रहोकचे दिवस आहेत, मासळी कुटून मिठात घालायची, एक दिवस सोडली तर सडते, येय पहाटेच्या होडीने निघेल आणि पुढे व्हॅनने येईल. फोन येयकडे नाही. आणि वडीलधाऱ्यांनी नवरा-नवरीच्या केसांना कात्री लावून आशीर्वाद द्यायचा, त्या केस कापायच्या विधीला मुलीच्या बाजूने दुसरं कुणीच नाही. राथाच्या बाजूला काका, माम्या, आत्या मिळून दोन बाकडी भरतील, आणि तिच्या बाजूला एक खुर्ची. ती रिकामी राहायला नको, एवढंच तिचं मागणं.

मी ठेवला असता. पण दुपारी मिंग फाल्ली आली, पडद्याकडे बघितलं आणि म्हणाली, "हे काय, हिला भाजून काढलीस का?" मग मालकाने माझ्याकडे बघितलं. लग्नाचा खर्च त्यांचा, फोटो त्यांचे. मी दीड स्टॉप केलं, नाक केलं, हनुवटी केली, पायऱ्या लावल्या आणि छापायला पाठवलं. कुन्थियाने छापलेला फोटो बघितला, छान आहे म्हणाली आणि गेली.

आता लग्नाचा दिवस. त्या रस्त्यावर त्या दिवशी मंडप दोन होते. एक आपला आणि एक पुढे, टायरच्या दुकानासमोर. दोन्ही गुलाबी-पिवळे, दोन्हीकडे केळीचे घड लावलेलं फाटक, दोन्हीकडे कर्णे असे की शेजारच्याच्या कानात बोललं तरी ऐकू जाऊ नये. आणि दोन्ही फाटकांवरचे फोटो आमच्याच स्टुडिओचे. तेच तळं, त्याच पायऱ्या, तीच हनुवटी.

सकाळी फळांची मिरवणूक झाली, पेज झाली, कुन्थिया पांढऱ्या रेशमात, डोक्यावर सोन्याचा मुकुट घालून गादीवर येऊन बसली. केस कापायची वेळ आली. येय नाही. लग्न लावणाऱ्या आचारांनी दोनदा घड्याळ बघितलं. गाणारी जोडी तेच गाणं पुन्हा सुरुवातीपासून म्हणायला लागली. राथाचा धाकटा काका व्हॅनच्या थांब्यावर जाऊन आला, व्हॅन केव्हाच येऊन गेली म्हणाला. मिंग फाल्लीने सुचवलं की त्या खुर्चीत आपली मोठी जाऊ बसेल, कुणाला काय कळतंय. मी लेन्समधून बघत होते, कुन्थियाच्या गालावर पावडरीचा एवढा थर होता की चेहरा हलला तरी वरचा थर हलत नव्हता.

तेवढ्यात माझ्या डोक्यात पुढचं फाटक आलं. कॅमेरा गळ्यात तसाच ठेवून मी पळत सुटले.

तिकडच्या मंडपात केस कापून नुकतेच झाले होते. समोर पहिल्या रांगेत, नवरीच्या आईच्या शेजारी, एक बारीकशी, काळीभोर म्हातारी बसलेली. डोकं भादरलेलं, अंगात पांढरं पोलकं, पायाशी प्रहोकचा डबा, हातात पेजेचा दुसरा वाडगा. मी कानाशी जाऊन विचारलं, तुम्ही येय सावोन का. ती हो म्हणाली आणि मलाही पेज घे म्हणाली.

झालं होतं असं, की व्हॅनवाल्याने तिला रस्त्याच्या तोंडाशी उतरवलं. ती आधी आपल्याच फाटकाशी थांबली होती. फोटो नीट बघितला आणि ठरवलं की ही आपली पोरगी नाही. पुढच्या फाटकावर गेली, तीही आपली नाही. पण तिथे एका बाईने हाताला धरून आत नेलं. हिने सांगितलं, माझ्या नातीचं लग्न आहे. मुलीकडच्यांना वाटलं ही मुलाकडची, मुलाकडच्यांना वाटलं मुलीकडची, आणि वयाने सगळ्यांत मोठी, मग पहिल्या रांगेतच. आचारांनी कात्री आणि कंगवा हातात दिला, तिने त्या नवरीच्या केसांजवळ हवेत कात्री चालवली, अत्तर शिंपडलं, सुखी राहा म्हणाली, आणि रडलीसुद्धा. ती नवरी पण रडली. तिला वाटलं सासरची आजी किती मायाळू आहे.

मी हे सगळं तिथल्या नवरीच्या आईला सांगितलं तर ती बाई हसता हसता खुर्चीवरच बसली. आणि येयला म्हणाली, आशीर्वाद परत मागू नका हं, दिलेला राहू दे.

मी येयला हात धरून आणलं. डबा माझ्याकडे. मंडपात शिरलो तेव्हा जाऊबाई खुर्चीत बसत होत्या, त्या उठल्या. आचारांनी येयच्या हातात कात्री दिली. येय कुन्थियाच्या समोर उभी राहिली, वाकून तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, या बाजूने, मग त्या बाजूने, आणि कात्री तबकात परत ठेवली. गाणारीचा माईक तिथेच होता, त्यामुळे पुढचं अख्ख्या रस्त्याने ऐकलं.

"आत्ताच एकीचे कापून आले. ती पण अशीच होती. मी पुन्हा फसायची नाही. जा, तोंड धुऊन ये."

कुन्थिया म्हणाली, येय, मीच आहे. येय म्हणाली, ते तीही म्हणाली असती.

दोन्ही बाकडी हसली. मिंग फाल्ली हसली नाही. ती पुढे होऊन म्हणाली की रंगवणारी बाई घरी गेली, पहाटेपासून केलेली मेहनत आहे, अजून अख्खा दिवस फोटो आहेत. सगळं खरंच होतं. कुन्थियाने तिच्याकडे बघितलं, येयकडे बघितलं, मुकुट दोन्ही हातांनी धरला आणि उठून मागच्या रांजणाकडे गेली. राथा गळ्यातला पंचा घेऊन तिच्या मागे गेला. आचार गाणाऱ्यांना म्हणाले, चालू ठेवा.

ती परत आली तेव्हा कानांपर्यंत मूळ रंग आणि मानेवर पांढरी पावडर, मधे रेघ. येयने हनुवटी धरून एकदा बघितलं आणि कात्री उचलली.

आणि मला काय झालं सांगू, मला आधी रेशीम दिसलं. पांढरं रेशीम, त्याच्यावर ओला सावळा चेहरा, त्याच्यावर त्याहून काळी म्हातारी. नेहमीसारखं दीड स्टॉप वर ठेवलं असतं तर रेशीम जळून नुसतं पांढरं झालं असतं आणि चेहरा राखेसारखा. बोटाने चाक उलटं फिरवलं, सगळा दीड उतरवला आणि त्याच्याखाली आणखी थोडा. रेशमातली सोन्याची तार उठून आली. चेहरा आहे तसा आला, भुवईवर थेंब. तेवढाच एक फोटो. पुढच्याला कुणाचं तरी डोकं मधे आलं.

आठवड्याने ते अल्बमचे फोटो निवडायला स्टुडिओत आले. मिंग फाल्ली, राथा, कुन्थिया, आणि येय, कारण येय प्रहोकचा दुसरा डबा द्यायला आली होती. मी सगळे उजळून ठेवले होते, सांगितल्याप्रमाणे. हा एक सोडून. तो आला तशी मिंग फाल्ली म्हणाली, हा काढून टाक. मालक म्हणाला, काढायला कशाला, दोन मिनिटांत उजळतो.

कुन्थिया म्हणाली, "आई, बाकीचे सगळे तुमच्या मनासारखे. फाटकावरचाही तुमच्याच मनासारखा होता, आणि येय त्याच्यासमोरून पुढे निघून गेली. हा एक असाच राहू दे."

आवाज चढवला नाही तिने. मिंग फाल्ली म्हणाली, ठीक आहे, पण मानेवरची ती रेघ काढ, लोक म्हणतील सुनेला मान धुवायला पाणी दिलं नाही. कुन्थिया हो म्हणाली. मी रेघ काढली.

मग येयला आत बोलावलं. तिने इतका वेळ आलेल्या फोटोंकडे बघितलंच नव्हतं, ती बाहेर सावलीत बसून मालकाच्या बायकोला डबा किती दिवस उघडायचा नाही ते सांगत होती. ती पडद्याजवळ आली, आणि कुणी काही विचारायच्या आधी कुन्थियाच्या गालावर बोट ठेवलं.

"ही बघ. ही माझी." मग बोट सरकवत सरकवत स्वतःवर आणलं आणि तिथेच थांबली. "आणि हे काय गं? मला कशाला एवढी काळी ठेवलीस?"

मी म्हटलं, येय, तुम्ही आहात तशाच आहात. तर म्हणे, मला आहे तशी ठेवून काय करायचं, मला अख्खं गाव ओळखतं. तुझ्या त्या मशिनीत गोरं करता येतं ना, मग मला कर. पोरीला हात लावू नकोस.

मिंग फाल्लीचा चेहरा पहिल्यांदा खुलला. तिने लगेच एक खुर्ची येयसाठी ओढली, एक स्वतःसाठी, आणि दोघी माझ्या खांद्यामागे बसल्या. मी येयचा चेहरा वेगळा निवडला आणि त्याचा उजेड एक पायरी वर नेला. मिंग फाल्ली म्हणाली, नाकही जरा बघ. येय म्हणाली, नाक राहू दे, रंग बघ. मी अजून वर नेला. कुन्थिया भिंतीला टेकून तोंडावर हात धरून हसत होती.

"अजून थोडं," येय म्हणाली.

मी केलं.

"अजून."

"बास आता," मिंग फाल्ली म्हणाली, "नाहीतर नात ओळखायची नाही."

येयने मागे वळून नातीकडे बघितलं, मग पुन्हा पडद्याकडे, आणि मला म्हणाली, बरं, एक पायरी खाली आण.