चंद्रिकेचं अर्धं हसू

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. अकरा वर्षांची. तुमच्यात अकराव्या वर्षी कुणी म्हातारं होत नाही, आमच्यात होतं. पण माझं दुखणं वयाचं नाही. मी अजून नीट फिरते, खरखर करत नाही. माझं दुखणं एवढंच, की मी अर्धी आहे.

सोलापुरात बाळीवेशीत चन्नवीर आप्पांच्या घरी मी आणि माझी जुळी बहीण एकाच दिवशी आलो. आप्पा सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. घरात ते आणि त्यांच्या पत्नी महादेवी, दोघंच राहायचे. थोरला मुलगा बसवराज गावातच डाळीचं दुकान चालवायचा, त्याचं बिऱ्हाड वेगळं होतं. मधला प्रभु पुण्याला नोकरीत. सगळ्यांत धाकटी चंद्रिका. ती अकराव्या वर्षी तापाने गेली होती आणि आता फक्त भिंतीवरच्या फोटोत होती.

भिंतीवर आणि नऊ कॅसेटांत. आप्पांनी एका मित्राचा व्हिडिओ कॅमेरा मागून आणून मुलांच्या लहानपणी त्या भरल्या होत्या. त्यातल्या एकीत चंद्रिका गड्ड्याच्या जत्रेत उंच पाळण्यात बसली होती. पाळणा वर गेला की ती खाली उभ्या असलेल्या आईला कानडीत हाक मारायची, "अव्वा, इल्लि नोडु." म्हणजे आई, इकडे बघ. अव्वाने वर पाहिलं की ती खो खो हसायची. कॅसेटांना बुरशी लागली होती. आप्पांना त्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायच्या होत्या, पण आधीच्या डिस्कचा वेग पुरत नव्हता. चित्र अडखळायचं आणि नेमकं हसू मधेच तुटायचं.

म्हणून कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या सुबोधने आम्हा दोघींना आणलं. त्याने कॉम्प्युटरचा डबा उघडला, आम्हाला एकीखाली एक बसवून स्क्रू आवळले, दोघींना सारख्या वायरी लावल्या आणि पडद्यावर एकदोन प्रश्नांना होकार दिला. झालं, त्या क्षणापासून कॉम्प्युटरला आम्ही दोघी नव्हतोच, एकच होतो. आप्पांना काही कळेना. मग सुबोधने त्यांना कचेरीतलंच उदाहरण दिलं. एक लांबलचक कागद दोन कारकुनांनी उतरवायला घेतला. पहिली ओळ एकाने लिहिली, दुसरी दुसऱ्याने, तिसरी पुन्हा पहिल्याने. काम निम्म्या वेळात होतं. आप्पा खूश झाले. आयुष्यभर त्यांना असा जोडीदार कारकून मिळाला नव्हता.

"पण काका, एक लक्षात ठेवा," सुबोध म्हणाला, "दोघांचे कागद शेजारी ठेवले तरच वाचता येतंय. यातली एक गेली की दुसरीचा काही उपयोग नाही. बाहेर एक कॉपी ठेवाच."

"ठेवतो की," आप्पा म्हणाले.

मला त्या सुबोधचा राग आला होता. आज घरात पाऊल ठेवलं आणि लगेच मरणाच्या गोष्टी? नव्या नवरीसारखा माझा रुबाब होता तेव्हा. आज वाटतं, त्या घरात शहाणा तो एकटाच होता.

पुढचा महिनाभर आम्ही कॅसेटा उतरवल्या. एकेक कॅसेट कशीबशी एकदाच चालली आणि मग आतली पट्टी तुटली. तुटक्या कॅसेटा आप्पांनी भंगारात दिल्या. चंद्रिका आता जगात दुसरीकडे कुठेही नव्हती, फक्त आमच्यात होती. दर सोमवारी महादेवी अव्वा सिद्धेश्वराचं दर्शन घेऊन आल्या की आप्पा पाळण्याचा तुकडा लावायचे. अव्वा मांडीवर तुरीचं ताट घेऊन बसायच्या, पण एक खडा निवडायच्या नाहीत. हसू एकदाही तुटलं नाही. आप्पा डब्यावर हात ठेवून म्हणायचे, "दोघी लई गुणाच्या हायत." मित्रांनो, मला आयुष्यात एवढीच शाबासकी मिळाली, आणि ती मला पुरली.

मग एका नवरात्रात आप्पा गेले, लिंगैक्य झाले.

आता त्या घरची एक रीत सांगते. अव्वांचं माहेर मैंदर्गीचं. तिथे त्यांच्या दोन भावांनी एका तांब्याच्या घंगाळापायी बोलणं टाकलं ते मरेपर्यंत. अव्वांनी त्याची अशी धास्ती घेतली होती, की लग्न झाल्यापासून त्यांनी घरात वस्तू घेतली ती जोडीनेच. दोन पराती, दोन समया, दोन पितळी डबे. आपल्या माघारी मुलांनी एकेक उचलावी आणि हसत घरी जावं, एवढीच त्यांची इच्छा. आप्पांचे दिवस झाल्यावर त्यांनी दोघा मुलांना समोर बसवून स्वतःच वाटणी केली. कुणाचा आवाज चढला नाही. मग गाडी कॉम्प्युटरवर आली.

"डबा जुना झालाय, तो कुणाला नको," प्रभु म्हणाला. "आप्पांचं सगळं आतल्या डिस्कवर असतंय." त्याने झाकण काढलं आणि तो हसला. "अव्वा, हितं पण दोन हायत की."

"दोन्हीवर चंद्री हाय का?" अव्वांनी विचारलं.

"असणारच. आप्पा किती सावध होते. एकीवरची दुसरीवर उतरवून ठेवली असणार."

"मग झालं तर," अव्वा म्हणाल्या. "एकेक घ्या. चंद्री दोघांच्या घरी राहील."

अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला माणूस पाहायचा असेल तर प्रभुला पाहा. पण मी त्याला तरी किती बोलू? तो आपल्या बापाच्या सावधपणावर विश्वास ठेवून बोलत होता. आणि अव्वांचा चेहरा इतका समाधानी होता, की एवढी चांगली वाटणी पंचक्रोशीत झाली नसेल असं वाटावं. मी ओरडून ओरडून सांगितलं असतं. मला तोंड नाही. मी बसवराजकडे गेले आणि माझी बहीण पुण्याला.

बसवराजने मला दुकानातल्या कपाटात जपून ठेवलं, इतकं जपून की वर्षभर बाहेरच काढलं नाही. प्रभुने मात्र, हे मला मागाहून कळलं, पुण्याला पोचताच माझ्या बहिणीला आपल्या कॉम्प्युटरला जोडलं. कॉम्प्युटर म्हणाला, ही डिस्क कोरी दिसते, वापरायला तयार करू का? प्रभुला वाटलं, आपल्या वाट्याला रिकामी आली आणि भरलेली बसवराज अण्णाकडे गेली. मनातून दुखावला, पण वाटणीबद्दल कुरकुर करायची नाही अशी त्या घरची शिस्त. त्याने फोन केला नाही. होकार दाबला आणि तिच्यावर मुलाची कार्टून भरली. एका फोनचं काम होतं, मित्रांनो. चांगल्या माणसांनी न बोलता जेवढं नुकसान केलं, तेवढं मैंदर्गीच्या भावांनी भांडूनही केलं नव्हतं.

वर्षाने अव्वांना काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, उरली आहे ती सांभाळू. अव्वा घरी आल्या आणि बसवराजला म्हणाल्या, "दिसतंय तवर एकदा चंद्रीला बघू दे."

बसवराज मला आणि तो जुना डबा घेऊन अव्वांसकट सुबोधच्या दुकानात गेला. सुबोधने मला हातात घेतलं आणि विचारलं, "दुसरी कुठाय?"

"धाकट्या भावाकडं."

सुबोध खाली बसला. मग त्याने दोन कारकुनांची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली. या वेळी ती कुणाला आवडली नाही. बसवराजने तिथूनच पुण्याला फोन लावला. "तुझ्याकडची डिस्क आहे तशी हाय न्हवं?" पलीकडून प्रभु म्हणाला, "अण्णा, ती रिकामी होती की."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो माझ्या बहिणीला घेऊन आला. सुबोधने आम्हाला पुन्हा एकीखाली एक बसवलं. मी तिला ओळखीची पहिली ओळ दिली, पाळणा वर जातो ती. तिने दुसरी ओळ द्यायची होती. तिने मला कार्टूनमधल्या उंदराची शेपटी दिली. मी पुन्हा दिली, शंभरदा दिली. तिला मी आठवतच नव्हते. एका हाताने टाळी वाजत नाही म्हणतात, मी ते चार दिवस करून पाहिलं.

पाचव्या दिवशी सुबोधला फक्त एक गोष्ट सापडली. अगदी छोटी नोंद असली तर तिचे तुकडे होत नाहीत, ती एकीकडेच अख्खी राहते. आप्पांनी टाइप केलेली तशी एक यादी माझ्याकडे होती. पडद्यावरची अक्षरं अव्वांना नीट दिसत नव्हती, म्हणून सुबोधने वाचून दाखवली.

"कॅसेट चार. गड्डा. चंद्रिका पाळण्यात. आवाज स्वच्छ. हसते, सव्वा मिनिट."

"सव्वाच मिनिट?" अव्वा म्हणाल्या. "मला लई मोठं वाटायचं."

खाली आणखी एक ओळ होती. सुबोध थांबला. बसवराज म्हणाला, वाच. त्याने वाचली.

"राहिलेलं काम. दिवाळीला प्रभु आला की सगळ्याची दुसरी प्रत काढणे. दोन्ही मुलांना एकेक देणे."

प्रभु तोंडाला रुमाल लावून दुकानाबाहेर गेला. अव्वांनी पदराने मला पुसलं, मग माझ्या बहिणीलाही पुसलं, आणि दोघींना एकाच पिशवीत घालून घरी नेलं.

आता आम्ही दोघी त्यांच्या देव्हाऱ्याखालच्या पितळी डब्यात एकत्र असतो. शेजारी असून अनोळखी. अव्वांची नजर पुरती गेली. सोमवारी देवळातून आल्या की त्या आम्हाला मांडीवर घेतात आणि चाचपतात. सव्वा मिनिटातलं अर्धं हसू अजून माझ्याकडे आहे, एकाआड एक तुकडे. ते मी त्यांना कधीही देऊ शकणार नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी कुणाचा तरी आवाज, कुणाचं तरी हसू एकाच ठिकाणी ठेवलेलं असेल. ते जिथे आहे तिथे कुणी हात लावत नाही, म्हणून तुम्ही निश्चिंत असाल. आप्पाही होते. आज घरी गेलात की आधी त्याची दुसरी प्रत काढा. दिवाळीची वाट पाहू नका.