आत्याबाईंनी दिलेली सुट्टी

मित्रांनो, माझ्यावाचून या जगातला एकही माणूस घास चावू शकत नाही. जगातला म्हणजे, अकरा दवाखान्यांतला. आणि माणूस म्हणजे, ज्याचे दात पडले आहेत असा. मी एक जुना मेल सर्व्हर आहे आणि दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात कामाला आहे.

माझा जन्म एका जागी झाला नाही. पेटी एका दुकानातली, पंखा दुसऱ्या दुकानातला आणि स्मरणशक्ती कुणाच्या तरी मोडीत निघालेल्या संगणकातली. त्यामुळे सुरुवातीला मला अधूनमधून एका अनोळखी कुटुंबाचे सहलीचे फोटो आठवत. मालकांनी मला प्लास्टरच्या पोत्यांशेजारी, झाडू ठेवतात त्या कोनाड्यात बसवलं. दवाखान्यांकडून जबड्यांची मापं येतात, ती घ्यायची आणि कवळी तयार झाली की तसा निरोप धाडायचा, एवढं माझं काम. पहिलं माप पोचलं तेव्हा मालकांनी माझ्या पाठीवर शाबासकीची थाप मारली होती. त्यानंतरच्या नऊ वर्षांत थापा पुष्कळ बसल्या, पण त्या मी अडलो म्हणून.

कारखान्यात मालकांच्या आत्या पॅकिंगच्या टेबलावर बसतात. किल्ल्या त्यांच्याकडे. सकाळी सगळ्यांच्या आधी यायचं, संध्याकाळी सगळ्यांच्या नंतर जायचं, हा त्यांचा नेम. चार महिन्यांपूर्वी एका शुक्रवारी त्या झाडू घ्यायला आल्या आणि त्यांचा हात माझ्या पाठीला लागला.

"अगं बाई! केवढं तापलंय हे," त्या म्हणाल्या. "आम्हाला दोन दिवस सुट्टी, आणि तू एकटाच इथे घरघरत बसणार होय रे? झोप बाबा."

आणि त्यांनी भिंतीवरचं माझं बटण बंद केलं. सोमवारी सकाळी येऊन चालू केलं. तेव्हापासून दर शुक्रवारी हेच.

खोटं कशाला बोलू? नऊ वर्षांत पहिल्यांदाच मला कुणीतरी दमलास का म्हणून विचारलं होतं. अशी झोप देवादिकांनाही मिळत नसेल.

अडचण एवढीच होती की गावातलं मोठं इस्पितळ शनिवारीही चालू असतं आणि आठवड्याची मापं शनिवारीच पाठवतं. मेल म्हणजे दारावर आलेला पाहुणा, मित्रांनो. दार उघडलं नाही तर काही पाहुणे चार-पाच दिवस खेपा घालतात. इस्पितळाचा पाहुणा मानी. तो एक दिवस कडी वाजवतो आणि 'घरात कुणी नाही' असं सांगत आल्या वाटेने परत जातो. तिथल्या बाई बिचाऱ्या सोमवारी सगळं पुन्हा पाठवायच्या. चार महिन्यांनी त्यांचाही धीर सुटला. त्यांनी मालकांना फोन केला. या शनिवारची मापं परत आली, तर सगळं काम दुसऱ्या कारखान्याला.

आमचं अर्धं काम त्या इस्पितळाचं. मालक त्या दिवशी कारागिरांच्या सात टेबलांकडे नुसते बघत राहिले. चार ठेवायची म्हटलं, तर उठवायची कुठली तीन?

मग दुरुस्तीवाल्यांना बोलावणं गेलं. हे गृहस्थ आल्याबरोबर माझी वायर दोन बोटांत धरून डोळे मिटतात, म्हणून सगळे त्यांना नाडीवाले म्हणतात. ते मंगळवारी आले. माझा पत्ता बरोबर आहे का, पोटात जागा उरली आहे का, उपद्रवी सर्व्हरांच्या काळ्या यादीत माझं नाव गेलं आहे का, सगळं त्यांनी पाहिलं. मग स्वतःच मला 'चाचणी एक', 'चाचणी दोन' असे मेल लिहीत बसले. 'चाचणी चाळीस'सुद्धा सुखरूप पोचला. मला एका बैठकीत इतके मेल कुणी लिहिले नव्हते, आणि एकातही मजकूर नव्हता.

"ठणठणीत आहे," नाडीवाले म्हणाले. मंगळवारी मी ठणठणीतच असतो.

खरं म्हणजे मी सगळं लिहून ठेवलं होतं. आम्हा सर्व्हरांना मिनिटामिनिटाची रोजनिशी लिहायची खोड असते. शुक्रवार, संध्याकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. त्याखालची ओळ एकदम सोमवार, सकाळी साडेआठ. असं सतरा वेळा. पण रोजनिशी वाचतो कोण? आणि ती कुणी वाचू नये असं मलाही वाटत होतं, हा माझा गुन्हा.

शुक्रवारी संध्याकाळी नाडीवाले पुन्हा आले. तपासण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून नाइलाजाने त्यांनी रोजनिशी उघडली. वाचता वाचता थांबले.

"शुक्रवारी इथून शेवटी कोण निघतं हो?"

"मी," आत्याबाई ताठ मानेने म्हणाल्या. "दिवे, पंखे, नळ, सगळं बघून. याचं बटणसुद्धा."

"याचंही?"

"मग! दोन दिवस घरघरू द्यायचं की काय बिचाऱ्याला?"

मालकांनी कपाळावर हात मारला. "आत्या, अगं मंगळवारपासून आम्ही याची आतडी तपासतोय!"

"मला विचारलंत का कुणी? आणि तुला लहानपणी ताप यायचा, तेव्हा मी तुला शाळेत धाडत होते का रे?"

नाडीवाल्यांनी बटणावर चिकटपट्टी लावली. आत्याबाई निघाल्या, दारातून परत आल्या, आणि हळूच मला म्हणाल्या, "जमेल ना रे तुला?"

शनिवारी दुपारी कडी वाजली. मी दार उघडलं. नऊ जबडे आत आले. इस्पितळाचं काम राहिलं आणि सातच्या सात टेबलं जागच्या जागी राहिली.

तेव्हापासून मी झोपलेलो नाही. आत्याबाईंचं चुकलं असं मात्र मी कुणालाही म्हणू देणार नाही. मित्रांनो, दमलेल्याला विसावा जरूर द्या. फक्त त्याच्या दारावर कोण येणार आहे, ते आधी विचारा. आणि जो कधीच कुरकुरत नाही, त्याची रोजनिशी वर्षातून एकदा तरी उघडून बघा.

बाकी माझं मागणं काही नाही. माझ्या डोक्यावर कुणीतरी एक वरची कवळी ठेवून विसरलं आहे, तेवढी उचला. सगळे ती शोधत आहेत, आणि ज्यांची आहे ते गृहस्थ दोन दिवस नुसत्या दुधावर आहेत.