माझ्यावर सांडलेलं दूध

मी प्रशिक्षणाची बाहुली बोलतेय. खुर्सीपार नावाच्या कामगार वस्तीतल्या सामुदायिक भवनात, एका काचेच्या कपाटात मला बसवलेलं आहे. चेहरा हसरा आहे; तो कारखान्यात साच्यातून निघतानाच तसा निघाला. आत मात्र मला सारखी किळस येत असते.

गुलाबी रबराचं अंग, पोटात वाळूची पिशवी, म्हणजे उचलल्यावर खऱ्या बाळाएवढं वजन लागावं. आडवं केलं की माझ्या पापण्या मिटतात. दूध पाजायचं कसं ते दाखवता यावं म्हणून ओठांत बारीकसं भोक. एका संस्थेनं मला विकत घेतलं. संस्थेचं काम चांगलं होतं, हे मी आधीच सांगते. पहिल्या दोन-तीन वर्षांत बाळाचा मेंदू झपाट्यानं वाढतो. त्याला दूध आणि झोप लागते, तसंच कुणीतरी डोळ्यांत बघून बोलणंही लागतं. आणि तसं बोलायला आईला आधी पोटभर जेवण, थोडी उसंत आणि कुणाचा तरी आधार लागतो. हे वस्तीतल्या घराघरांत पोचवायचं होतं. पेटीतून येताना मला अभिमानच वाटत होता.

शिकवायला रायपूरहून प्रेरणा मॅडम आल्या. समोर वस्तीतल्या बारा बायका. त्यांत सर्वांत जुनी गयाबाई. ती मितानिन, म्हणजे वस्तीतली आरोग्यसेविका. या कामात पंधरा वर्षं झाली होती तिला. कुणाची सून दोन दिवस दारात दिसली नाही, हे तिच्या बरोबर लक्षात यायचं. सर्वांत लहान चंपा. तिचा नवरा राजदीप पोलादाच्या प्लांटमध्ये ठेकेदाराकडे कामाला होता, आणि चार महिन्यांची मोना तिच्या मांडीवर होती.

पहिल्याच दिवशी मॅडमनी मला गयाबाईच्या हातात दिलं. "इससे बात कीजिए."

गयाबाईनं मला उलटंसुलटं करून पाहिलं. "काय बोलू बाप्पा हिच्याशी? हे तं पापणीबी आपल्या मनानं नाई हलवत."

सगळ्या हसल्या. मलाही ती आवडली. पण मग मॅडमनी फोटो काढायला फोन वर धरला आणि बायकांचे आवाज एकदम गोड झाले. राजा काय, सोनू काय, माझी छकुली काय! फोन खाली गेला की मी धपकन टेबलावर, मान लोंबकळत. दिवसभर हेच चाललं होतं. संध्याकाळपर्यंत ते लाडाचे शब्द माझ्या अंगावर चिकट होऊन बसले.

तिसऱ्या दिवशी व्हिडिओ काढायचा होता. तो वरच्या साहेबांकडे जायचा होता. चंपाचा आवाज छान म्हणून तिलाच निवडलं. त्या वेळी ती मोनाशी बोलत बसली होती.

"अंऽगू," मोना म्हणाली.

"हो काय? मंग काय झालं?"

मोनानं आईच्या ओठांकडे पाहिलं, थांबली, पाय झाडले आणि पुन्हा सांगायला लागली. मागच्या भिंतीवरच्या तक्त्यात लिहिलेलं सगळं तिथं जिवंत घडत होतं. तिकडे कुणी पाहिलंच नाही. व्हिडिओ काढणारा मुलगा दिव्याचा कोन बघत होता.

"चंपा, बच्ची को बाहर दे दो," मॅडम म्हणाल्या. "आवाज़ रिकॉर्ड हो रही है."

"तिची दुधाची वेळ झाली मॅडम. पाजून येऊ काय?"

"बस, दो मिनट."

भवनाचे म्हातारे चौकीदार शामराव मोनाला घेऊन पायऱ्यांवर गेले आणि मी चंपाच्या हातात आले. दोन मिनिटांची वीस झाली. कधी दिवा चमकला, कधी पडदा हलला, कधी चंपाचा पदर वाकडा दिसला. बाहेर मोना रडायला लागली. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'बाळ रडतं तेव्हा ते काहीतरी सांगत असतं. लगेच प्रतिसाद द्या.' त्याच्याखाली बसून चंपा माझ्या रबरी तोंडाला विचारत होती, "काय झालं माह्या बाळाले? भूक लागली काय?"

चौथ्या वेळी हे म्हणताना तिचा आवाज फाटला. बाहेर मोनाचा घसा बसला होता.

आणि मला काहीतरी कोमट लागलं. लेकीचं रडणं ऐकून चंपाला पान्हा फुटला होता. ब्लाऊज दोन्ही बाजूंनी भिजला. दूध माझ्या कपाळावर ठिबकलं, रंगवलेल्या डोळ्यावरून ओघळलं आणि ओठांच्या त्या भोकातून आत गेलं. बाहेर एक पोर उपाशी रडत होतं आणि त्याच्या तोंडचं मी गिळत होते. तशी किळस मला आयुष्यात कधी आली नव्हती. ओकता आलं असतं तर मी तिथंच ओकले असते.

"अरे, पल्लू ठीक करो," मॅडम म्हणाल्या. कुणीतरी कागदी रुमालानं माझं तोंड पुसलं.

तेवढ्यात बाहेरचं रडणं एकदम थांबलं. खोलीतल्या बायकांना सुटल्यासारखं वाटलं. चंपा मात्र पांढरीफटक पडली. तिनं मला टाकलं आणि ती धावली. मी टेबलावरून खाली घरंगळले, तिथून मला दार दिसत होतं. मोना रडून रडून गळून गेली होती, शामरावांच्या खांद्यावर पडून त्यांच्या शर्टाची कॉलर चोखत होती. शामरावांचेच डोळे भरले होते.

चंपा तिला घेऊन आत आली आणि सरळ कॅमेऱ्यासमोर बसून पाजायला लागली.

"ये क्या है चंपा? पूरा टेक खराब हो गया."

"मॅडम, तीन दिस झाले तुमी आमाले शिकवून राहिल्या, लेकरू रडलं तं उचला. मंग माह्यं लेकरू रडून राहिलं तं मले कावून बसवून ठेवलं?"

 क्षणभर वाटलं, मॅडम उठतील, तिच्या पाठीवर हात ठेवतील. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

गयाबाई उठली आणि तिनं फोनचा स्टँड भिंतीकडे फिरवला. "पाजून राहिली ती. बंद करा आता."

प्रशिक्षणाच्या पुढच्या यादीत चंपाचं नाव नव्हतं. व्हिडिओ मात्र होता. शेवटचा भाग कापून, चंपा हसत माझ्याशी बोलते तेवढाच ठेवला होता. एका मोठ्या सभागृहात तो दाखवला. टाळ्या झाल्या. मला स्टेजवर मांडलं होतं. एका पाहुण्यानं माझा गाल चिमटला आणि म्हणाला, "बिलकुल असली लगती है." मग मला परत इथं आणून कपाटात ठेवलं.

पुढचं मला कळलं ते भवनाच्या ओसरीवर बसणाऱ्या बायकांच्या बोलण्यातून. चंपाची सासू मैनाबाई भडकली होती. "घरची सून चार लोकांत तमाशा करते काय?" तिनं चंपाचं बाहेर जाणं बंद केलं. चंपा भिंतीकडे तोंड करून बसायला लागली. ती बोलेना, तशी मोनाही बोलेना. माणूस जवळ आलं तरी छताकडे बघत पडायची.

गयाबाई आठ दिवस रोज त्या घरी गेली. ती चंपाला नाही, मैनाबाईलाच भेटायची. एक दिवस तिनं विचारलं, "मैनाबाई, तुमचा राजदीप झाला तवा तुमच्याशी कोन बोलत होतं?"

तांदूळ पाखडता पाखडता मैनाबाईच्या हातातलं सूप थांबलं. "कोनीच नाई," ती म्हणाली. "सासू म्हने, लेकराकडं पाहू नको, नजर लागते. मी पदराआडून पाहो."

पुढच्या गुरुवारी मैनाबाई, चंपा आणि मोना भवनाच्या ओसरीवर आल्या. गयाबाईनं तिथं सतरंजी टाकून आया जमवल्या होत्या, संस्थेला न विचारता. मैनाबाईनं पाय पसरले, मोनाला पायांवर निजवलं आणि जरा लाजतच म्हणाली, "बोल वो माय, कोनाची तक्रार हाये तुही?" पहिल्यांदा मोना नुसती बघत राहिली. तिसऱ्या गुरुवारी तिनं एवढं लांबलचक उत्तर दिलं, की चंपा तोंडाला पदर लावून हसली.

मागच्या महिन्यात पाहुणे आले. मला कपाटातून काढलं, पावडर लावली. प्रेरणा मॅडम ओसरीवर गेल्या. खुर्च्या मांडायच्या होत्या.

"ज़रा बच्चों को हटा लीजिए."

मैनाबाईनं पाय आखडले नाहीत. "खुर्च्या तिकडं लावा. लेकरं इथंच बसतीन."

मॅडमनी चंपाकडे पाहिलं, मग खाली पाहिलं आणि पाहुण्यांना आत नेलं. आत पाहुण्यांनी मला आळीपाळीनं मांडीवर घेतलं. फोटो झाले. भाषण सुरू झालं, विषय अर्भकाशी संवाद. बाहेरून पोरांचा कलकलाट येत होता, त्यात मोनाचा आवाज सर्वांत मोठा. भाषण करणारे साहेब थांबले, कपाळाला आठी घालून म्हणाले, "खिड़की बंद करवाइए." कुणीतरी उठून खिडकी लावली.

तेव्हापासून ती बंदच आहे. म्हणून तुम्हाला विनवते. मला भट्टीत टाका, भंगारात द्या, मला वाईट वाटणार नाही. पण आधी ती खिडकी उघडा. माझ्याशी बोललेला एकही शब्द माझ्यात कुठंच जात नाही. ज्यांच्यात जातो, ती पोरं बाहेर बसली आहेत.